प्रतिकृतींच्या सुट्या भागांची अदलाबदल : एक परीक्षण

कोल्टच्या जुन्या सहाबारी पिस्तुलांच्या ज्या नव्या प्रतिकृती निघतात, त्यांविषयीं संग्राहकांत एक मत रूढ होऊं लागलें आहे. तें असें कीं, एका कारखान्याच्या प्रतिकृतीचा भाग दुसऱ्याच्या प्रतिकृतींत बसला, तर दोन्ही प्रती मुळाबरहुकूम आहेत हें सिद्ध होतें. आणि अस्सल पिस्तुलाचा एखादा भाग हरवला असल्यास तो प्रतिकृतीवरून भरून काढण्यास प्रत्यवाय नाहीं. हें मत आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. त्याचीं कारणें येथें देतों.

ज्याच्या प्रतिकृती विपुल आहेत, तें १८५१ चें ‘नेव्ही’ पिस्तूल उदाहरणादाखल घेऊं. ०.३६ इंच व्यासाचें हें पिस्तूल १८५० पासून १८७३ पर्यंत हार्टफर्ड येथें सुमारें २,१५,००० व मध्यंतरीं लंडन येथें सुमारें ४२,००० इतकें तयार झालें. १८५७ च्या धामधुमींत इंग्रज अंमलदारांजवळ अशीं पिस्तुलें होतीं, म्हणून इकडील संग्रहांशींही त्याचा संबंध पोंचतो. सॅम्युअल कोल्टनें नोव्हेंबर १८५१ मध्यें लंडनच्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेपुढें यंत्रानें शस्त्रें घडविण्यावर व्याख्यान दिलें. यंत्राच्या या कीर्तीमुळें कोल्टचा कोणताही भाग कोल्टच्या कोणत्याही पिस्तुलांत बसतो, अशी समजूत पसरली. परंतु डेव्हिड हाउन्शेल यांनीं १९८४ च्या आपल्या ग्रंथांत दाखविलें आहे कीं, ही अदलाबदल खुद्द कोल्टच्या कारखान्यांतही पूर्णपणें साधली नव्हती. भाग मऊ असतांना कारागीर कानशीनें ते एकमेकांशीं जुळवीत व त्यांवर अंक ठोकीत; मग ते कठीण करण्यासाठीं भट्टींत जात, आणि नंतर अंक पाहून पुनः एकत्र येत. सांगाडा, नळी, सिलिंडर, चापाभोंवतींची कडी व पाचर यांवर दिसणारा समान अंक शोभेचा नव्हे. हे भाग एकाच पिस्तुलाचे, ही कारखान्याची साक्ष होय.

प्रतिकृतींची गोष्ट निराळी. १९५८ च्या सुमारास अमेरिकन व्यापारी व्हॅल फॉर्गेट यांच्या खटपटीनें इटलीच्या ब्रेशिया प्रांतांत त्या होऊं लागल्या; उबेर्ती व पिएत्ता हीं त्यांतील प्रमुख नांवें. नमुना एक, पण मापें, हत्यारें आणि मापांतील सूट ज्याचीं त्यानें ठरविलीं. केप चढविण्याच्या निपलचे आटे मुळांत इंची, तर इटालियन प्रतिकृतींत बहुधा दशमान मापाचे असतात.

खरी अडचण सांध्यांत आहे. नेव्हीच्या सांगाड्यास वरची पट्टी नाहीं. सांगाड्यांत घट्ट बसविलेल्या आसावर सिलिंडर फिरतो, त्याच आसावर नळी चढते, व आडवी पाचर ठोकून ती धरून ठेवली जाते. मूळ पिस्तुलांत आसाचें टोंक नळीखालच्या भोंकाच्या तळास टेकतें. कांहीं प्रतिकृतींत तें टेकत नाहीं. तेथें पाचर जितकी ठोकावी तितकी नळी सिलिंडरकडे ओढली जाते. अशी नळी दुसऱ्याच्या सांगाड्यावर चढते, पाचरही जाते, आणि पाहणारा म्हणतो, ‘बसली’. पण नळी व सिलिंडर यांमधील फट आतां कोणत्याच कारखान्यानें ठरविलेली राहत नाहीं. सिलिंडरचेंही तसेंच. घोडा ओढतांच एक बोट दांत्यांस ढकलून त्यास फिरवितें, आणि खालून एक खिट्टी वर येऊन खांचेंत अडकते. दांते, बोट व खिट्टी यांचीं मापें परस्परांशीं बांधलेलीं. परका सिलिंडर केसभर आधीं वा मागाहून थांबला, तर त्याचें भोंक नळीच्या समोर येत नाहीं, व बार निघतांना शिसें तासलें जातें. म्हणून बसणें व जुळणें यांत आम्ही भेद करतों.

पूर्वपक्षाचें एक उदाहरण मात्र विचारार्ह आहे. कोल्टनेंच १८५१ चें नेव्ही व १८६० चें ०.४४ इंची ‘आर्मी’ यांस एकाच आकाराचा सांगाडा वापरला. हें खरें, परंतु आर्मीचा पायरीचा सिलिंडर मावावा म्हणून त्या सांगाड्यास खांच घ्यावी लागली. स्वतः कारखानदारासही कापल्यावांचून जी अदलाबदल साधली नाहीं, ती इतरांस कशी साधावी? उलट, अशा मिश्रणाचा परिणाम बाजारांत दिसतो. पितळी सांगाड्याच्या, ०.४४ इंची ‘१८५१ नेव्ही’ प्रतिकृती सर्रास मिळतात. कोल्टनें असें पिस्तूल कधीं विक्रीस काढलें नाहीं. पितळी सांगाडा ही अमेरिकन यादवींतील दाक्षिणात्य कारखान्यांची, उदाहरणार्थ जॉर्जियांतील ग्रिझवोल्ड व गनिसन यांची, खूण. आणि त्यांचें पिस्तूलही ०.३६ चेंच होतें.

प्रतिकृतींत प्रतिकृतीचेच भाग घातल्यास इतिहासाची हानि नाहीं. बार काढणारानें तें जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यावें, इतकेंच. पण इटालियन सिलिंडर बसावा म्हणून अस्सल सांगाड्यास कानस लावली, तर गेलेला धातु परत येत नाहीं, आणि त्याबरोबर मूळ कारागिराच्या हाताची खूणही जाते. इटालियन भागांवर गार्दोने वाल त्रोंपिया येथील परीक्षागृहाचे ठसे असतात. त्यांत ‘पी एन’ हीं अक्षरें काळ्या दारूचीं, आणि चौकटींत वर्षाची खूण. हे ठसे घासून त्या जागीं जुना अंक ठोकणें ही दुरुस्ती नव्हे, तें कूटलेखनच होय.

पोथीचें गहाळ पान दुसऱ्या प्रतीवरून लिहून घालणारा प्रामाणिक लेखक तें समासांत नोंदवितो. तोच नियम येथें लावावा. शक्यतों उणा भाग उणाच ठेवावा. भरावयाचाच तर नवा भाग कापावा, जुन्यास हात लावूं नये. काढलेला मूळ भाग चिठ्ठी बांधून पिस्तुलासोबत जपावा, आणि यादींत प्रत्येक भागाचा अंक स्वतंत्र लिहावा. अंक जुळत नसलेलें परंतु नोंद असलेलें पिस्तूल, मागाहून अंक जुळविलेल्या व नोंद नसलेल्या पिस्तुलाहून आम्हांस अधिक मोलाचें वाटतें.