दोघांची सही

चित्र कोणाचे, हा प्रश्न सहसा अवघड नसतो. खाली कोपऱ्यात सही असते; ती वाचली की झाले. पण कलाकृतीला कोपराच नसेल, ती चौदा दिवस उभी राहून नाहीशी व्हावयाची असेल आणि तिच्यापायी दोन माणसांची चोवीस वर्षे खर्ची पडली असतील, तर सही शोधावयाची कोठे? क्रिस्तो आणि जान-क्लोद या दांपत्याच्या कामाविषयी पुष्कळ वाद झाले. मला मात्र त्यांतला हाच प्रश्न सर्वांत मोलाचा वाटतो.

दोघांचा जन्म एकाच दिवशीचा, १३ जून १९३५. तो बल्गेरियातल्या गाब्रोव्होचा, ती मोरोक्कोतल्या कासाब्लांकात जन्मलेली. १९५८ साली पॅरिसमध्ये तिच्या आईचे व्यक्तिचित्र काढण्याच्या निमित्ताने हा निर्वासित तरुण त्या घरी गेला आणि पुढची पन्नास वर्षे दोघांनी एकत्र काढली. १९६४ पासून बिऱ्हाड न्यूयॉर्कला होते.

त्यांनी केले काय, हे एका वाक्यात सांगता येते. त्यांनी इमारतींना, दऱ्यांना, माळरानांना कापडाचा साज चढविला आणि काही दिवसांनी तो उतरवून ठेवला. १९७६ साली कॅलिफोर्नियात त्यांनी पांढऱ्या नायलॉनचे सुमारे ३९ किलोमीटर लांबीचे आणि साडेपाच मीटर उंचीचे कुंपण टेकड्यांवरून थेट समुद्रात नेले. १९९५ च्या उन्हाळ्यात बर्लिनचे राइखस्टाग हे जुने संसदभवन एक लक्ष चौरस मीटर रुपेरी कापडात गुंडाळले. पन्नास लाख माणसे ते पाहून गेली. दोन्ही कामांचे आयुष्य चौदा दिवसांचे.

'ही कसली कला?' असे कोणी विचारले, तर मला राग येत नाही. इमारत कापडात गुंडाळावी ही कल्पना कोणालाही घटकाभरात सुचेल. समीक्षकांनी या दोघांना संकल्पनावादी म्हटले, पण त्यांना ते बिरुद मान्य नव्हते. कल्पना कागदावर राहिली तर तिला आपली कलाकृती म्हणावयास ते तयार नसत. त्या कुंपणासाठी ५९ शेतकऱ्यांची संमती मिळवावी लागली आणि अठरा जाहीर सुनावण्यांना तोंड द्यावे लागले. राइखस्टागचा विचार १९७१ चा. त्याला चॅन्सेलर कोल यांचा विरोध होता. अखेर २५ फेब्रुवारी १९९४ रोजी जर्मन संसदेने त्यावर मतदान केले, २९२ विरुद्ध २२३. एका कलाकृतीसाठी लोकप्रतिनिधींनी उभ्या राष्ट्रासमोर वाद घालावा, हे दृश्य मला त्या रुपेरी कापडाइतकेच देखणे वाटते. माणसांना राजी करण्याची ही खटपट त्यांच्या दृष्टीने कलाकृतीचाच भाग होती.

आणि येथेच सहीचा प्रश्न उभा राहतो. कितीतरी वर्षे या कामांवर एकट्या क्रिस्तोचे नाव होते. रेखाटने, नमुने सगळे त्याच्याच हातचे. जान-क्लोदने त्यांना कधी हात लावला नाही, पण ती विकण्याचे काम तिचे. त्या विक्रीतूनच सारा खर्च भागे; देणगीदाराचा पैसा त्यांनी घेतला नाही. परवानग्या, पैसा, माणसे या सगळ्यांत ती होतीच. लोक तिला कलावंताची कर्तबगार बायको म्हणत आणि पुढे जात. १९९४ साली दोघांनी जाहीर केले, की मागची सर्व उघड्यावरची कामे यापुढे दोघांच्या नावाची समजावीत. काहींनी याला नवऱ्याचे औदार्य म्हटले. मला त्यात औदार्य दिसत नाही, हिशेब दिसतो. रेखाटन हीच कलाकृती असेल, तर ती त्याची एकट्याची. पण कल्पनेपासून कापड फडकेपर्यंतचा सारा प्रवास ही कलाकृती असेल, तर ती दोघांचीच. घराघरांतून कर्तृत्व असेच एका नावावर जमा होत असते. ते नाव दुरुस्त करणारे थोडे.

तरीही या हिशेबाची दुसरी बाजू सोडून चालणार नाही. ऑक्टोबर १९९१ मध्ये त्यांनी जपान आणि कॅलिफोर्निया येथे मिळून ३,१०० प्रचंड छत्र्या उभारल्या. वाऱ्याने उखडलेल्या एका छत्रीने कॅलिफोर्नियात एका स्त्रीचा बळी घेतला. दोघांनी लगेच सर्व छत्र्या मिटविल्या. त्या उतरविताना जपानमध्ये एक कामगार विजेच्या धक्क्याने दगावला. वारा, कोर्ट, गर्दी हे सारे ज्यांच्या कलाकृतीत येते, त्यांना हे दोन मृत्यूही तिच्याबाहेर ठेवता येणार नाहीत. सही दोघांची म्हटली, की तो भारही दोघांचा.

ही दोघे वेगवेगळ्या विमानांतून प्रवास करीत. एकाचे काही झाले, तर दुसऱ्याने काम पुरे करावे म्हणून. जान-क्लोद २००९ साली गेली, क्रिस्तो ३१ मे २०२० ला. सप्टेंबर २०२१ मध्ये पॅरिसची विजयकमान निळसर रुपेरी कापडात आणि तांबड्या दोरांत सोळा दिवस उभी राहिली. तिचा विचार क्रिस्तोने साठ वर्षांपूर्वी त्याच शहरात केला होता. ते काम पाहावयास दोघांपैकी कोणीच उरले नव्हते. नावे मात्र दोन्ही होती, आणि ती जोडीनेच घेतली गेली.