'शेतकऱ्याचा असूड'मधील मृद्-जलसंधारणाचा विचार आणि सरकारी साहाय्याचा प्रश्न

महात्मा जोतीराव फुले यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' (1883) या ग्रंथाचे वाचन सामान्यतः दोन वेगळ्या दिशांनी होते. पहिल्या प्रकरणांतील धर्मचिकित्सा व कामगारशाहीवरील टीका सामाजिक विचार म्हणून अभ्यासली जाते, तर पाचव्या प्रकरणातील सूचना कृषिविचार म्हणून बाजूला काढल्या जातात. ही विभागणी अभ्यासकाच्या सोयीची असली तरी ग्रंथावर अन्याय करणारी आहे.

पाचव्या प्रकरणातील सूचना आजही थक्क करतात. लष्करातील व पोलिसांतील फाजील शिपायांकडून जागोजागी तालीवजा बंधारे घालावेत, पावसाचे पाणी शेतांत मुरून मगच नदीनाल्यास मिळावे, पाणाड्यांकडून भूगर्भातील पाण्याचा शोध घ्यावा, नदीनाल्यांतील व तलावांतील गाळ शेतकऱ्यांना पूर्वीप्रमाणे फुकट नेऊ द्यावा, जंगलखात्याने गिळलेली गायराने गावांना परत करावीत, अशी ही मागणी आहे. डोंगरावरील पालापाचोळ्याचे खत पाण्याबरोबर शेतात उतरते, हे निरीक्षण पुस्तकी नव्हे. बांधकामाचे ठेके घेतलेल्या आणि शेतीही पाहिलेल्या माणसाचे ते आहे.

परंतु या सूचनांचा खरा अर्थ चौथ्या प्रकरणाशेजारी ठेवल्यावरच उलगडतो. तेथे कलेक्टरच्या मुक्कामाहून विन्मुख परतणारा, वाटेने स्वतःशीच बोलत जाणारा शेतकरी भेटतो. साहेब आणि शेतकरी यांच्यामध्ये लेखणीवाला उभा आहे, आणि ज्याला वाचता येत नाही त्याचे गाऱ्हाणे त्या लेखणीतूनच वर जाते. म्हणूनच बंधाऱ्यांच्या योजनेत फुले शेतकऱ्याला अर्जदार करत नाहीत. काम सरकारने सरकारी मनुष्यबळाने करावयाचे आहे. ही केवळ काटकसरीची सूचना नाही. दफ्तराचा उंबरठाच टाळण्याची ती युक्ती आहे, असे म्हणता येते.

योगायोग असा की, त्याच 1883 साली ब्रिटिश सरकारने जमीन सुधारणा कर्जाचा कायदा केला. विहिरी, तळी, बांधबंदिस्ती यांसाठी तगाई देण्याची त्यात तरतूद होती. मात्र तगाईसाठी अर्ज हवा, चौकशी हवी, तारण हवे. असूडाचा वाचक या तरतुदीकडे आशेने पाहू शकत नाही, कारण अर्जाची वाट कोणाच्या दारावरून जाते हे त्याला आधीच कळलेले असते.

एकविसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या योजनांनी फुल्यांच्या सूचना जवळजवळ शब्दशः उचललेल्या दिसतात. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' (2017) ही योजना तर असूडातील गाळाच्या मागणीचेच आधुनिक रूप आहे. फरक वाहतुकीचा. आरंभी गाळ उपसण्याच्या यंत्राचा व इंधनाचा भार शेतकऱ्यावर नव्हता, पण गाळ शेतापर्यंत नेण्याचा खर्च शेतकऱ्यावरच राहिला. ज्याच्याकडे ट्रॅक्टर त्याच्या शिवारात गाळ, हे त्यातून ओघानेच आले. अल्पभूधारकांसाठी गाळावर अनुदानाची तरतूद 2023 मध्ये झाली. 'मागेल त्याला शेततळे' (2016) या योजनेच्या नावात औदार्य होते, पण अटींत किमान 0.60 हेक्टर जमीन होती, आणि 50,000 रुपयांपर्यंतचे अनुदान खोदाई झाल्यानंतरचे होते. ज्याच्या गाठीला खोदाईपुरता पैसा नाही, त्याने मागायचे तरी कशाच्या बळावर?

येथे फुल्यांच्या विवेचनाची एक मर्यादाही नोंदवावी लागते. अडवणुकीचे मूळ त्यांनी प्रामुख्याने लेखणीवाल्याच्या जातीत पाहिले, आणि उपाय म्हणून शेतकऱ्यांच्या मुलांच्या शिक्षणाचा आग्रह धरला. त्या काळच्या कचेऱ्यांचे ते यथार्थ चित्र होते. आज कृषी सहायकाच्या, तलाठ्याच्या खुर्चीत अनेकदा शेतकऱ्याचाच मुलगा बसलेला असतो, तरीही अंतर उरते. अर्ज संगणकावर भरावयाचा असल्यामुळे लेखणीवाल्याची जागा गावातील सेवा केंद्राने घेतली आहे, एवढेच. शिवाय अर्जासोबत सातबारा व आठ-अ लागतो. बटईने जमीन कसणारा, किंवा सासऱ्याच्या नावावरील शेतात आयुष्यभर राबलेली सून, यांचे नाव त्या कागदांवर असेलच असे नाही. बांध फुटला की माती त्यांच्याच कष्टाची वाहून जाते, पण बांधाचे अनुदान मागण्याचा अधिकार खातेदाराचा असतो. असूडातील कलेक्टरच्या तंबूपर्यंत पोचलेल्या शेतकऱ्याचे निदान खाते तरी होते.