ढेप, मेंढी आणि अर्धे सत्य

मेंढीपालनाच्या माहितीपत्रकांत एक वाक्य हमखास भेटते: सरकीची ढेप प्रथिनयुक्त, म्हणून पौष्टिक. वर्गात ‘टाकाऊतून टिकाऊ’ शिकवताना आपणही हेच उदाहरण देतो. वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे. या अपुरेपणाची किंमत कोकराला मोजावी लागू शकते, म्हणून आम्ही ते तपासायचे ठरवले.

वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावच्या परिसरात कापूस, तूर, सोयाबीन ही ओळखीची पिके. ढेप, चुनी, कुटार हे शब्द तिथल्या मुलांना शिकवावे लागत नाहीत. यांतली ढेपच घेऊ.

बिनसोललेल्या सरकीच्या ढेपेत साधारण २० ते २५ टक्के प्रथिने असतात, असे तक्ते सांगतात. हा आकडा येतो कसा? नमुन्यातला नायट्रोजन मोजायचा आणि त्याला ६.२५ ने गुणायचे. म्हणजे मोजला नायट्रोजन आणि लिहिले प्रथिन! सरकीत गॉसिपॉल नावाचे पिवळे, विषारी रंगद्रव्य असते. त्याबद्दल हा आकडा गप्प आहे. तेल काढताना उष्णता मिळाली, की काही गॉसिपॉल प्रथिनांतल्या लायसिनला चिकटते. विषाचा जोर कमी होतो, पण तेवढे लायसिनही जनावराच्या उपयोगी पडत नाही. नायट्रोजन मात्र पूर्वीइतकाच भरतो.

दुसरी उणीव म्हणजे खाणारे जनावर कोण, हे पत्रक विचारत नाही. मोठ्या मेंढीच्या पोटातल्या पहिल्या कप्प्यात, रूमेनमध्ये, बरेचसे गॉसिपॉल बांधले जाते. लहान कोकराचा हा कप्पा पुरता वाढलेला नसतो. त्याच्या हृदयावर आणि यकृतावर परिणाम होतो. काही आठवडे ते ठीक दिसते आणि एके दिवशी अचानक दगावते. मोठ्या मेंढीलाही मर्यादा आहेच.

उलट बाजूचे अर्धे सत्यही तपासू. २००६ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या वरंगळ जिल्ह्यात, वेचणीनंतर बीटी कापसाच्या रानात चरलेल्या मेंढ्या मेल्याच्या तक्रारी झाल्या. काहींनी बीटी प्रथिनाला दोषी धरले, तर काहींनी नायट्रेट आणि कीटकनाशकांच्या अंशांकडे बोट दाखवले. अशा वादात निर्णय द्यायला काय लागते? बिनबीटी कापसात चरलेला तसाच दुसरा कळप, फवारणीची नोंद आणि शवविच्छेदन. गॉसिपॉल तर दोन्ही कापसांत असते. तुलनेवाचून ‘यानेच मेल्या’ म्हणणे आणि ‘याने मेल्याच नाहीत’ म्हणणे, दोन्ही सारखेच कच्चे.

तेव्हा ‘ढेप चांगली की वाईट?’ हा प्रश्न वर्गात नकोच. कोणती ढेप, किती, कोणत्या वयाच्या जनावराला आणि किती दिवस, हे चार प्रश्न विद्यार्थ्यांना द्यावेत. गावातल्या दुकानातल्या पोत्यावर यांपैकी कशाकशाचे उत्तर छापलेले आहे, ते त्यांनीच वाचून यावे.