पांढऱ्या कपड्यांतली नांगरणी

प्राचीन इजिप्तच्या दैनंदिन जीवनावरच्या पुस्तकांत एक चित्र हमखास भेटतं. सेन्नेजेम नांगर धरतोय, मागून बायको बी पेरतेय. खाली ओळ असते : ‘इजिप्तमधील शेती’. आमचा आक्षेप या ओळीला आहे.

चित्र नीट पाहू. दोघांचे कपडे पांढरेशुभ्र, चिखलाचा डाग नाही. सेन्नेजेम मुळात शेतकरी नव्हताच. देर अल-मदीना गावात राहून राजांच्या कबरी घडवणारा तो कारागीर. चित्र त्याच्या स्वतःच्या कबरीतलं, १८८६ साली सापडलेल्या. ते शेत मरणानंतरचं आहे. म्हणजे इथे दिसते ती इच्छा.

मग जगणं कुठे दिसतं? त्याच गावच्या हजेरीपटात. दुसऱ्या रामसेसच्या ४०व्या वर्षी चुनखडीच्या चिपेवर तो लिहिला गेला. आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. कामावर न येण्याची कारणं त्यात आहेत : विंचू चावला, बिअर करायची होती, आईचं प्रेत गुंडाळायचं होतं.

आपल्या बोळिंजशेजारी सोपारा आहे. तिथला स्तूप भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली उकरला, तेव्हा करंडकात सोन्याची फुलं निघाली. त्यावरून घरोघरी सोन्याचा धूर निघत होता म्हणणं, ही त्या चित्राखालच्या ओळीसारखीच चूक. फुलं वाहणाऱ्याची श्रद्धा सांगतात. बंदरावरच्या हमालाची भाकरी सांगत नाहीत. तेव्हा कुठलाही पुरावा वाचताना आधी विचारू या, हा कुणी, कशासाठी ठेवला होता?