ठोसा बसतो तेव्हाच अंधार का होतो?

‘जुजुत्सु कायसेन’च्या दुसऱ्या सीझनमधली सुकुना विरुद्ध महोरागा ही फाइट मोबाइलवर बघताना तुम्हीही एकदा ब्राइटनेस वाढवून पाहिला असेल. फोन ठीक आहे. ऐन स्फोटाच्या क्षणी चित्रच काळवंडतं, एक फ्रेम दुसरीत मिसळते आणि शिबुयाचा विध्वंस आपण मळक्या काचेतून बघत राहतो.

याचं मूळ १६ डिसेंबर १९९७ला आहे. त्या संध्याकाळी जपानमध्ये ‘पोकेमॉन’च्या एका भागातल्या लाल-निळ्या लखलखाटाने ६००हून अधिक प्रेक्षकांना, त्यात बहुतेक मुलं, रुग्णालयात न्यावं लागलं. मग वाहिन्यांनी नियम केले: सेकंदाला ३पेक्षा जास्त वेळा उघडझाप टाळायची. त्यामुळे टीव्हीवरच्या अंधाराबद्दल माझी तक्रार नाही. पण स्ट्रीमिंगलाही बरेचदा तीच प्रत येते, आणि फाइटचा जीव नेमका त्या लखलखाटात असतो. इम्पॅक्ट फ्रेम एक-दोन फ्रेमपुरतीच असते. रंग उलटे होतात किंवा सगळं काळं-पांढरं होतं. डोळ्याला ती नीट दिसतही नाही, पण मार बसल्याचं जाणवतं. ती मंद केली की ठोसा दिसतो, लागत नाही. ब्लू-रेवर हा पडदा बाजूला होतो आणि त्याच चित्रांना वजन येतं.

चित्रं पुन्हा काढणं हा दुसरा प्रकार. ‘ड्रॅगन बॉल सुपर’च्या ५व्या भागातले (२०१५) गोकू आणि बीरसचे वेडेवाकडे चेहरे आठवतात? त्यांचे मीम झाले, डिस्कवर ते दुरुस्तही झाले. तरी ती फाइट मला आजही मिळमिळीतच वाटते. नाक-डोळे नीट बसवता येतात, पण हालचालीची लय आणि कॅमेऱ्याची जागा आधीच ठरलेली असते. माझ्या मते उजेड परत मिळणं हा डिस्कचा खरा फायदा. चेहऱ्यांची डागडुजी त्यामानाने किरकोळ.

आणि म्हणूनच ‘ब्लू-रेत होईल नीट’ हे फॅन मंडळींचं पेटंट उत्तर मला खटकतं. २०२३मध्ये शिबुयाचे भाग येत असताना काही ॲनिमेटर कामाच्या ताणाबद्दल सोशल मीडियावर उघड बोलले होते. जो वेळ त्यांना प्रसारणाआधी मिळायला हवा होता, तोच डिस्कसाठी नंतर निघतो. ती डिस्क जपानमध्येही महाग असते. आपल्यापैकी बहुतेकांना तर त्यातली फाइट तुलनेच्या क्लिपमध्येच दिसते, अर्धा स्क्रीन टीव्ही, अर्धा ब्लू-रे.