उकलूनही उरते ते

चित्रापुढे उभा राहिलेला रसिक हटकून विचारतो, “याचा अर्थ काय?” ओदिलों रदों या फ्रेंच चित्रकारापुढे मात्र हा प्रश्न लंगडा पडतो. त्याच्या १८८२ सालच्या एका शिलामुद्रित चित्रात एक प्रचंड डोळा फुगा होऊन आभाळात चढतो आहे. हा डोळा म्हणजे आत्मा, की परमेश्वर? मी म्हणेन, असले कोष्टक मांडूच नये. उकलून संपते ते रूपक. उकलूनही उरते ते प्रतीक.

१८८६ साली ‘फिगारो’त मोरेआसने प्रतीकवादाचा जाहीरनामा छापला, तो साहित्यिकांसाठी. चित्रकार त्याआधीच त्या वाटेला लागले होते. दृक्प्रत्ययवादी उन्हाचा पाठलाग करीत असता रदों कोळशाने काळोख रेखाटीत होता. पण तो काळोख निराधार नव्हता. वनस्पतिशास्त्रज्ञ क्लावोने त्याला सूक्ष्मदर्शकातली सृष्टी दाखविली होती. म्हणून त्याच्या अद्भुताला वास्तवाची मुळे आहेत. मुळे नसलेले प्रतीक म्हणजे नुसता उखाणा, आणि तसल्या उखाण्यांनाच पुष्कळदा खोल म्हणून मिरविले जाते.

उतारवयात हाच रदों रंगांत न्हाऊन निघाला. त्याची पेस्टलमधली फुले अवश्य पाहावीत. काळोख मन लावून पाहिल्यावाचून अशी फुले उमलत नाहीत, असे मला वाटते.