फादर स्टीफन्सचें पुराण आणि त्याचे राखणदार

फादर थॉमस स्टीफन्स याच्या ‘ख्रिस्तपुराणा’विषयीं मराठींत जें लिहिलें गेलें आहे, त्यांत स्तुतीचा भाग मोठा आहे. एका इंग्रजानें मराठीला फुलांतल्या मोगरीची व पक्ष्यांतल्या मोराची उपमा द्यावी याचें आम्हांला इतकें कौतुक वाटतें कीं, तेवढ्या ओव्या म्हणून दाखविल्या म्हणजे अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचा हा सारा ग्रंथ वाचल्याचें समाधान होतें. वर्गांत शिकवितांना मींहि पुष्कळ वर्षें हेंच केलें. बाकीचें पुराण मीं सलग वाचलें तें २०२० सालच्या टाळेबंदींत, बुलढाण्यास घरीं बसून. आणि तें वाचीत असतां जी शंका मनांत आली ती अशी, कीं आपण ज्या भाषेचें एवढें कौतुक करतों ती स्टीफन्सचीच कशावरून?

ही शंका तर्कटाची नव्हे. स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आला, साष्टी प्रांतांत राहिला आणि १६१९ सालीं तिकडेच वारला. त्याचें पुराण १६१६ सालीं राचोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. पुढें १६४९ व १६५४ सालीं त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तीन छापांपैकीं एकाचीहि प्रत आज उपलब्ध नाहीं. तीनदां छापलेला ग्रंथ नाहींसा होतो आणि त्याच्या हातानें केलेल्या नकला मात्र टिकतात, हें मुद्रणकलेची थोरवी गाणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. नकला टिकल्या त्या भाविकांमुळें. रविवारीं व सणाच्या दिवशीं पुराण वाचण्याचा प्रघात होता, वाचावयास प्रत हवी, म्हणून कोणी तरी ती उतरून काढी. अशाच रोमन लिपींतील हस्तलिखितांवरून जे. एल. सालढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें आपली आवृत्ति छापली.

पुढें जस्टिन अ‍ॅबट या विद्वान् मिशनऱ्यानें लंडनमधील मार्सडेन संग्रहांतील देवनागरी प्रत उजेडांत आणली आणि प्रश्न उभा राहिला. रोमन पाठांत ख्रिस्ती धर्मांतील कित्येक संज्ञा पोर्तुगीज किंवा लॅटिन आहेत. देवनागरी पाठांत त्यांच्या जागीं संस्कृत शब्द आहेत. अ‍ॅबटच्या मतें देवनागरी पाठच मूळचा. मला तें सहजासहजीं पटत नाहीं. स्टीफन्सच्या नांवावरील कोंकणी ‘दौत्रिन क्रिस्तां’ हें पुस्तक १६२२ सालीं निघालें, त्यांत धर्मसंज्ञा बहुधा पोर्तुगीजच आहेत. आणि जुन्या देवधर्माचा वास येईल अशा शब्दांविषयीं त्या काळच्या धर्माधिकाऱ्यांची धास्तीहि प्रसिद्ध आहे. उलट पक्षीं, देशी लिपीचे खिळे पाडून मिळावे अशी मागणी स्टीफन्सनें १६०८ सालच्या पत्रांत केली होती, हेंहि विसरतां येत नाहीं. माझा कल असा आहे कीं, मार्सडेन प्रत म्हणजे मागाहून कोण्या सुसंस्कृत हातानें केलेली सफाई असावी. परंतु हा कल आहे, निकाल नव्हे. निकाल द्यावयाचा तर कागद, शाई, अक्षराचें वळण व प्रतींचें परस्पर नातें तपासावें लागेल. म्हणजे टीकाकाराला ग्रंथ सांभाळणाऱ्याच्या दारीं जावें लागेल.

तें दारच २०२० सालीं बंद झालें. रोमला पोप बारावे पायस यांच्या कारकीर्दीचे कागद अभ्यासकांसाठीं २ मार्च रोजीं खुले झाले. कित्येकांनीं वर्षानुवर्षें त्या दिवसाची वाट पाहिली होती. कांहीं दिवसांतच साथीमुळें तो दप्तरखाना बंद करावा लागला. आपल्याकडे टाळेबंदी आली ती मार्चअखेर, आणि तिच्या पाठोपाठ पावसाळा. गोव्यासारख्या दमट प्रदेशांत हा योग वाईट. जुना कागद माणसाप्रमाणें विषाणूनें आजारी पडत नाहीं; त्याला मारते ती कोंदट हवा, बुरशी, कसर आणि वाळवी. जुनी लोहयुक्त शाई तर दमट हवेंत कागदालाच खात जाते. खोली अधूनमधून उघडणारा, कपाटाच्या मागें हात घालून ओल पाहणारा एक माणूस असला तर हें सारें आवरतें, आणि टाळेबंदीनें नेमका तोच माणूस घरीं बसविला.

दुसरें संकट उत्साहाचें होतें. जें दिसेल तें निर्जंतुक करावें अशी त्या दिवसांत हवा होती. वास्तविक पुस्तकाला औषध नको असतें, थोडा एकांत पुरतो. अमेरिकेंत त्याच वर्षीं ग्रंथालयांतील वस्तूंवर प्रयोग झाले. सुटीं ठेवलेल्या पुस्तकांवर तीन दिवसांनंतर विषाणु आढळला नाहीं. चवड रचून ठेवलेल्यांवर मात्र तो सहा दिवसांनंतरहि सांपडला. तेव्हां पुस्तकें सुटीं मांडून स्वस्थ बसणें हाच शहाणपणा. मद्यार्काच्या द्रवानें जुनी शाई फुटते, चामडें कोरडें पडतें. ब्लीचिंगच्या पाण्यानें रंग जातो. आमच्या जिल्ह्यांतील एका ग्रंथालयांत हें मीं डोळ्यांनीं पाहिलें. तेथें शांताराम बंडेलू यांनीं १९५६ सालीं काढलेल्या देवनागरी ‘ख्रिस्तपुराणा’ची प्रत होती. साथींत कोणी सद्हेतूनें कपाटांवर व कपाटांत जंतुनाशक फवारलें, दारें लावून घेतलीं, आणि दिवाळीनंतर तीं उघडलीं. बांधणीचें कापड पांढरें पडलें होतें व पानांवर राखेसारखी बुरशी होती. फवारणाऱ्याला मी दोष देत नाहीं; त्याला कोणीं सांगितलेंच नव्हतें. शिवाय बंडेलूंची आवृत्ति आणखी कोठें तरी मिळेल. एखाद्या चर्चच्या कपाटांत किंवा साष्टींतील एखाद्या घरच्या पेटींत एकुलतें एक हस्तलिखित असेल तर त्याचें काय?

ग्रंथांची राखण हा विषय चर्चच्या संदर्भांत काढला कीं आमच्यांतील कांहीं जण लगेच विचारतात, ज्यांनीं आमच्या पोथ्या जाळल्या त्यांच्या पोथ्यांची चिंता आम्हीं कां करावी? प्रश्न खोटा नाहीं. सोळाव्या शतकांत गोव्यांत देशी ग्रंथ जप्त झाले व नष्टहि केले गेले. स्टीफन्सचें पुराणच त्या पोकळींतून जन्मलें आहे: आमचीं जुनीं पुराणें तुम्हीं बंद केलींत, मग त्यांच्या जागीं दुसरें कांहीं कां देत नाहीं, असा प्रश्न त्याच्या आरंभीं एक ब्राह्मण विचारतो. माझ्या मतें ग्रंथांतील हें सर्वांत प्रामाणिक स्थळ आहे, आणि मोगरीच्या उपमेपेक्षां तेंच विद्यार्थ्यांना आधीं वाचून दाखविलें पाहिजे. पण ह्याच गोष्टीची दुसरी बाजूहि आहे. पोर्तुगालमधील ब्रागा येथील सार्वजनिक ग्रंथालयांत गोव्याकडून गेलेलीं रोमन लिपींतील हस्तलिखितें आहेत. त्यांत महाभारत-रामायणांतील कथा व मराठी काव्य आहे. ज्यांनीं नाश केला त्यांच्यांतीलच कोणी तरी, शत्रूचा धर्म समजून घेण्यासाठीं का होईना, तीं उतरून घेतलीं आणि पुढें कोणी तरी तीं जपलीं. मराठीच्या इतिहासाचा हा तुकडा आज आहे तो त्या जपणुकीमुळें.

सुदैवानें सांभाळ करणारीं कांहीं ठिकाणें आहेत. जुन्या गोव्यांत सांता मोनिकाच्या मठांतील ख्रिस्ती कलेचें संग्रहालय बरेच दिवस दुरुस्तीसाठीं बंद होतें, तें २०२२ सालीं पुन्हां उघडलें. जुनें गोवें हें शहरच रोगराईनें ओस पडलेलें. १८४३ सालीं पणजी रीतसर राजधानी झाली तोंवर तेथें चर्चें व मठ यांवांचून फारसें उरलें नव्हतें. वस्ती उठली तरी त्या इमारतींत कोणी तरी झाडलोट करीत राहिलें, म्हणून त्यांतील चित्रें व लाकडी मूर्ति आपल्यापर्यंत आल्या.

आमच्याकडील त्या प्रतीचें म्हणाल तर मीं ती गच्चीवर सावलींत उभी करून वाळविली व मऊ कुंचल्यानें बुरशी झाडली. पहिल्या पुराणाच्या अखेरचीं कांहीं पानें अजून एकमेकांना चिकटलेलीं आहेत. तीं ओढून सोडवूं नयेत असें एका जाणत्यानें सांगितलें, म्हणून तीं तशींच ठेविलीं आहेत.